टूरवरची ओळख

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघी व्हिएतनामला गेलो. दोघी म्हणजे मी आणि माझी मैत्रीण. मी यवतमाळकडची. नोकरी लागून पुण्यात आले तेव्हा माझ्या 'करून राहिले'ला ऑफिसात हसायचे. एकदा हिने एकाला सगळ्यांदेखत ऐकवलं, "तिचं मराठी कळत नसेल तर तिच्याकडून कामं करून घेऊ नका. स्वतः करा." ही शनिवार पेठेतली, त्यामुळे तिच्यापुढे कुणी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकींना धरून राहिलो. माझे यजमान गेले तेव्हा ती कितीतरी दिवस विश्रांतवाडीला माझ्याकडे झोपायला येत होती. माझा मुलगा तिला मावशी म्हणतो.

हनोईला एका देवळाच्या ओल्या पायऱ्यांवरून मी घसरले आणि उठताच येईना. खुब्याचं हाड मोडलं होतं. टूर मॅनेजरने मला हॉस्पिटलात आणलं. विम्याचं त्यानेच बघितलं. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि ग्रुप तर सकाळी पुढच्या शहरात निघणार होता, म्हणून त्याने आपल्या वकिलातीलाही कळवलं.

मैत्रीण माझा हात धरून बसली होती. "मी कुठे जात नाही," ती म्हणाली. माझ्यासमोरच तिने बंगळूरला माझ्या मुलाला फोन लावला, मी आहे आईजवळ, तू घाबरू नकोस, असं त्याला सांगितलं. मग माझे कपडे आणते म्हणून हॉटेलवर गेली.

संध्याकाळी बॅग आली, ती ड्रायव्हरबरोबर. गाऊन घडी घातलेले, औषधांचा डबा वरच, जादा चष्मा रुमालात गुंडाळलेला. मला वाटलं, दमली असेल, सकाळी येईल. फोन लागला नाही तेव्हा वाटलं, झोपली असेल.

सकाळी वकिलातीतला अधिकारी आला. माझ्या मुलाच्या वयाचा, हिंदी बोलणारा. मुलाशी त्याचं आधीच बोलणं झालं होतं. मुलाचा पासपोर्ट संपलेला, त्यामुळे त्याला लगेच निघता येत नव्हतं. पण मावशी जवळ आहेत, असं त्याने सांगितलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, त्या कुठे आहेत? मी तिचा नंबर दिला. तो बाहेर जाऊन बोलला आणि परत येऊन खुर्ची ओढून बसला.

"त्या म्हणतात, तुमची ओळख या टूरवरच झाली. खोली एक होती, एवढंच. आता त्या विमानतळावर आहेत."

मला वाटलं, फोन चुकीच्या बाईला लागला. मी नाव विचारलं. त्याने तिचंच नाव सांगितलं.

"हो," मी म्हणाले. "टूरवरचीच ओळख."

असं का म्हणाले, कोण जाणे. त्या परक्या माणसासमोर तिला खोटं पाडायची मलाच लाज वाटली.

आपण काय करू शकतो आणि काय नाही, हे त्याने सरळ सांगितलं. दुभाष्याला फोनवर घेऊन डॉक्टरांचं म्हणणं मला समजावलं. मुलाचा पासपोर्ट लवकर व्हावा म्हणून तिकडे कळवलं. मग तिथल्या भारतीय मंडळींत विचारून एका मराठी बाईंना बोलावलं. त्या आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावच्या. नवरा तिथे कारखान्यात नोकरीला.

"मी हाय इथं," त्या म्हणाल्या. "तुम्ही डोळं मिटा."

ऑपरेशन होऊन बाहेर आले तेव्हाही त्या तिथेच होत्या. दुसऱ्या दिवशी मऊ भात घेऊन आल्या आणि चमच्याने भरवायला लागल्या. मला रडू आवरेना. पाय दुखतोय असं वाटून त्यांनी नर्सला बोलावलं. त्याच दुपारी टूरच्या ग्रुपवर फोटो आले. कंदिलांच्या होडीत ती पुढच्याच बाकावर बसली होती. छान हसत होती.

पासपोर्ट हातात पडल्याबरोबर मुलगा आला. मावशीचं त्याला अधिकाऱ्याकडूनच कळलं होतं. तो संतापला होता. मी त्याला म्हटलं, तू काही बोलू नकोस, बोलायचं तर मी बोलेन.

पुण्यात परतल्यावर ती भेटायला आली. बाकरवडी आणली होती. वॉकर कसा धरायचा, हे मला शिकवू लागली. मी विचारलं, त्या माणसाला तू काय सांगितलंस?

ती गडबडली नाही. "अगं, मैत्रीण म्हटलं असतं तर त्यांनी मला तिथेच ठेवून घेतलं असतं."

"ठेवून नसतं घेतलं. विचारलं असतं."

ती हळूच म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडले होते मी. परत कुठलं जाणं होतंय आपलं?"

ते खरंच होतं. आजारी सासूपायी तिचं सगळं आयुष्य ऑफिस आणि घर एवढ्यातच गेलं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मला राहायचं नाही, असं तिने माझ्या तोंडावर सांगितलं असतं, तर मीच तिला जा म्हटलं असतं. ते तिला कळलं नाही, की कळूनही सांगवलं नाही, हे मी विचारलं नाही. चहा झाला आणि ती गेली.

आता मी काठीशिवाय चालते. तिचा फोन येतो, मी उचलते. गुडघे, पाऊस, भाज्या, सगळं बोलून होतं. परवा तिने विचारलं, डिसेंबरात कोकणात जायचं का, चार दिवस? मी म्हटलं, तू जाऊन ये.

त्यानंतर मी मांजरीच्या बाईंना फोन केला. दिवाळीला त्या गावी येणार आहेत. मी त्यांना घरी जेवायला बोलावलंय.