वाकोल्याच्या पुलाखालचं गाऱ्हाणं

धडक अगदीच किरकोळ होती. बाबा एकटेच गाडी घेऊन वाकोल्याला एका जुन्या मित्राकडे गेले होते. येताना पुलाखालच्या सिग्नलला उजवीकडे वळले आणि समोरून भरधाव आलेल्या एका पांढऱ्या गाडीनं आमच्या मागच्या दाराला पोचा पाडला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पत्र्याचं काय, विमा होता, आठवड्याभरात दार नव्यासारखं होऊन आलं. बाबांचं मात्र काही खरं नव्हतं.

त्या गाडीचा ड्रायव्हर जागेवरच खाली उतरला होता. हात जोडून म्हणाला होता, "काकानू, चूक माझी आसा. माझो नंबर घेवा, मी बघतंय सगळा." बाबांनी नंबर घेतला आणि घाटकोपरला घरी आले. आल्या आल्या आईला पहिलं काय सांगितलं, तर माणूस आपल्या मुलखातला आहे, मालवणीत बोलला. आपल्याला ठोकणारा गाववाला निघाला म्हणून एवढा खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग गाववाल्यानं फोन उचलणं बंद केलं.

पहिले दोन-चार दिवस बाबा म्हणाले, कामात असेल. पुढं म्हणायचेच बंद झाले. जेवताना बशी घ्यायचे, कप घ्यायचे. बशी म्हणजे आपली गाडी, कप म्हणजे त्याची. बशी हळूच वळवायचे, कप तिच्यावर आणायचे आणि बघत बसायचे. एका सकाळी मला म्हणाले, "गो, सिग्नल हिरवो होतो मां?" मी गाडीत नव्हतेच, मी काय सांगणार? तेच पुढं म्हणाले, "चूक त्येची असती तर तो फोन कित्या उचलूचो नाय? माझीच आसात. डोळे गेले आता माझे."

या माणसानं जन्मभर या शहरात बस चालवली. त्यांच्या बसला कधी ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर जपून ठेवलेल्या पैशांतून ही छोटी गाडी घेतली, तिला रोज सकाळी अंघोळ घालतात. दुसऱ्याच्या गाडीत बसले, की यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत राहतो. माझ्या शेजारी तर डोळ्याची पापणीसुद्धा मिटत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "ड्रायव्हर दुसऱ्याच्या बाजूक बसान झोपणा नाय. झोपलो तर समज, चालवणारो देवमाणूस." मला अजून तो मान मिळालेला नाही, मिळेल असं वाटतही नाही.

आणि त्यांनी गाडी चालवणं सोडून चावी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. भाऊ मुलुंडहून आला आणि म्हणाला, "बरं झालं बाबा, वय झालं ना आता, रिक्षा आहेत, कॅब आहेत." मला असा राग आला! बाबा मात्र नुसती मान हलवत राहिले. त्यांना भरपाई नको होती, काही नको होतं. त्या माणसानं एकदा तोंडानं सांगावं, सिग्नल कुणाचा होता. पुलाखाली त्या दोघांशिवाय ते बघणारं तिसरं कुणी नव्हतं.

म्हणून मग मी मागे लागले. आधी नीट मेसेज केले, नमस्कार वगैरे घालून. दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. मग भडकले. पोलिसात जाईन, गाडीच्या मालकाला शोधून काढीन, तोंड लपवून किती दिवस बसणार आहेस, लाज आहे का, सगळं लिहून झालं. पुन्हा निळ्या खुणा. वाचतोय मेला आणि गप्प बसतोय! बाबांना कळलं तेव्हा ते माझ्यावरच ओरडले, "पोलिसाचा नाव काढू नकोस. कोणाच्या पोटार पाय देवचो नाय."

आई इतके दिवस काही बोलली नव्हती. रविवारी सकाळी अंघोळ करून आली, दिवा लावला, पान-सुपारी मांडली, नारळ ठेवला. मला म्हणाली, "तुझो फोन आण. ता आवाज धाडतत मां, ता त्येच्या नंबरार लाव."

"काय करतेस?"

"गाऱ्हाणा घालतंय."

कोकणात कुठलंही साकडं देवापुढं मोठ्यानं मांडतात, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी दर ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. हे काम पुरुषांचं, निदान आमच्याकडे तरी. बिल्डिंगच्या गणपतीत दरवर्षी बाबाच घालतात. आई आयुष्यभर स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं 'व्हय म्हाराजा' म्हणत आलेली. मी आत बाबांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई म्हणाली, "ते घालूचे नायत. आपणाक चुकलंय म्हणान बसलेहत. दाब तुझा बटन."

मला वाटलं, आता त्या ड्रायव्हरची काही धडगत नाही. पापलेटाच्या भावावरून कोळणीला रडकुंडीला आणणारी ही बाई. वाटोळं कर, असं काहीतरी मागेल म्हणून मी खूश होऊन बटण दाबलं.

आईनं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ह्या तुझ्या लेकरान जन्मभर लोकांका सुखरूप घराक पोचयल्यान. आज त्येचो त्येच्याच डोळ्यांर इश्वास ऱ्हवलो नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"जो कोण गाडीवालो आसा, त्येना रस्त्यार उभा ऱ्हवान खरा सांगल्यान. आता त्येचा तोंड बंद झालाहा. त्येच्या मागे काय नड आसात, मालकाचो धाक आसात, घरात कोण दुखण्यात पडला आसात, तर ती नड पयली दूर कर रे म्हाराजा!"

मी 'व्हय म्हाराजा' कसंबसं म्हटलं.

"त्येका शिक्षा नको. त्येच्या गाडयेक खरचटा नको. हे दोघव वाकोल्याच्या पुलाखाली अडकान ऱ्हवलेहत. त्यांका दोघांकय थयसून सोडव, आणि आपापल्या घराक पोचव रे म्हाराजा!"

हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. चाळीस वर्षांची घोडी मी, रोज जिच्याशी भांडते त्या बाईकडे तोंड उघडं टाकून बघत राहिले. मी इतके मेसेज केले, त्यात एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं, की तिकडे पण कुणी अडकलेलं असेल. बटण सोडायचंच विसरले. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, "गेला काय? मगे कुकर लाव."

संध्याकाळी फोन वाजला. त्याच नंबरावरून आवाज आला होता. आधी नुसती रहदारी, हॉर्न. मग कुणीतरी नाक ओढलं, आणि अगदी खालच्या आवाजात दोनच शब्द आले, "व्हय म्हाराजा."

मी ते आईला ऐकवलं. ती हात जोडून बसून राहिली. बाहेर येऊन बाबांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. मी त्या नंबरावर घरचा पत्ता तेवढा पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा. तिशीतला असेल, डोळे तारवटलेले. चपला बाहेर काढून आत आला आणि बाबांच्या पाया पडायला लागला. बाबांनी त्याला मध्येच धरलं, खुर्चीत बसवलं आणि टेबलावर बशी-कप ठेवले.

"बशी म्हंजे मी, कप म्हंजे तू. दाखव."

त्यानं आधी बशी वळवली. "काकानू, सिग्नल तुमचोच होतो. इंडिकेटर चालू होतो. तुम्ही थांबलास, समोर बघलास, मगे वळलास." मग कप आणून बशीला टेकवला. "मी फोनात बघी होतंय. माझो लाल कधी झालो, माका कळलाच नाय."

"हिरवो होतो? नक्की?"

"हिरवोगार, काकानू."

बाबांनी श्वास सोडला. तेवढ्या दिवसांचा कोंडलेला असावा, इतका लांब. मला रडू फुटलं, लपवायचंही सुचलं नाही.

तो अंधेरीत एका शेठची गाडी चालवायचा. शेठला त्यानं सांगितलं होतं, उभ्या गाडीला कुणीतरी ठोकलं. आमचा फोन उचलला असता, तर खोटं उघड पडून नोकरी गेली असती. गाऱ्हाणं ऐकून रात्रभर जागला, आणि आज सकाळी शेठला सगळं खरं सांगून टाकलं.

"मगे? शेठ काय म्हणालो?" आईनं विचारलं.

"चावी घेतल्यान. उद्या बघू म्हणालो."

आई म्हणाली, "पयलो जेव." बांगड्याचं तिखलं आणि भात त्याच्या पुढं ठेवला. तो आरे कॉलनीत एका तबेल्यामागं भाड्याच्या खोलीत राहत होता, आणि आला होता बस बदलत. त्याचं जेवण होईपर्यंत बाबांनी शर्ट घातला, देवघराशेजारच्या खिळ्यावरची चावी काढली आणि म्हणाले, "चल, सोडतंय तुका."

तो पुढं त्यांच्या शेजारी बसला, आई आणि मी मागं. सुरुवातीला दोघं इंजिनाबद्दल काहीबाही बोलत होते. पवई आलं तसा पुढचा एक आवाज थांबला. मी वाकून बघितलं. मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून तो गाढ झोपला होता.

आरेतला रस्ता म्हणजे वळणं आणि गतिरोधक. बाबांनी गाडी इतकी अलगद नेली, की एकही गतिरोधक आम्हाला लागला नाही. समोरून बस आली तेव्हा झाडांच्या कडेला घेऊन तिला जाऊ दिलं, हॉर्नला हातसुद्धा लावला नाही. तबेल्यापाशी पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि काच खाली केली. मी त्याला उठवायला हात पुढं केला.

बाबांनी माझा हात धरला. "गप ऱ्हव गो," ते कुजबुजले. "झोपांदे त्येका. ड्रायव्हर आसा तो, माझ्या बाजूक झोपलोहा."