कंबोडियातली लावणी

"तुमी फोटो काडा, आमी बगतो."

देऊळ असो, धबधबा असो की विमानतळावरचा सरकता जिना, आत्यांचं हे एकच वाक्य. मग कमरेवर दोन्ही हात ठेवून त्या समोरची गोष्ट अशी न्याहाळायच्या, जणू विकत घ्यायची आहे.

मी पनवेलच्या एका टूर कंपनीत आहे. ग्रूप घेऊन परदेशी जातो. आत्या त्यातल्याच एका ग्रूपमधल्या, सगळेच त्यांना आत्या म्हणायचे; खारघरजवळच्या ओवे गावच्या. घरच्या शेतावर टॉवर उभा राहिला, त्यातच नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. तिथे आईला करमेना, म्हणून मुलाने त्यांना आमच्या कंबोडियाच्या सहलीला पाठवलं. विमानात हवाईसुंदरीने काय घेणार विचारलं, तर आत्यांनी तिलाच विचारलं, "तू जेवलीस का गो?" आणि पिशवीतली तांदळाची भाकरी तिच्या हातावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी बस पंक्चर झाली. रस्त्याला लागून भाताचं खाचर होतं. एक म्हातारी एकटीच लावणी करत होती. आमचा ग्रूप मोबाइल घेऊन धावला.

आत्यांनी बांधावरच्या रोपांच्या जुड्या पाहिल्या. "अरे, सकालची उपटलेली रोपं हायत! सुकतील! आनि तुमी फोटो काय काडता?"

लुगडं वर खोचून आत्या थेट चिखलात.

चाक बदलून झालं, तरी आत्या येईनात. खारघरचे एक निवृत्त साहेब घड्याळ दाखवत म्हणाले, "मॅनेजर, देवळावरचा सूर्यास्त चुकला तर मी लेखी तक्रार करीन." मग तेच त्यांना बोलवायला गेले, बांधावरून घसरले आणि खाचरातच बसले.

"आलाच, तर ती जुडी द्या इकडं," आत्या म्हणाल्या. साहेबांनी निमूट दिली.

सूर्यास्त आम्ही सगळ्यांनी त्या बांधावरूनच पाहिला. तक्रार कुणी केली नाही.

काम करताना दोघी म्हाताऱ्या अखंड बोलत होत्या, एक आगरीत, दुसरी तिच्या भाषेत. बसमध्ये मी विचारलं, "काय म्हणत होती?"

"सुनेला ताप हाय. मुलगा शहरात."

आमच्या तिथल्या गाइडने मान डोलावली. अगदी बरोबर होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"येकटीच लावते, म्हंजे दुसरं काय असनार?"

मग बराच वेळ त्या चिखलाने माखलेले हात मांडीवर ठेवून बसल्या. धुवायला पाणी दिलं, तर नको म्हणाल्या. "मला वाटलेलं, जमीन गेली तसे हातबी गेले. नाय गेले रे."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आत्या गेल्याचं कळलं. भेटायला गेलो, तर सून मला टॉवरच्या गच्चीवर घेऊन गेली. अर्धी कापलेली निळी पिंपं ओळीने मांडलेली, आणि त्यांत पिवळं झालेलं भात.

"सोसायटीच्या नोटिसा आल्या," ती म्हणाली. "आम्ही पण म्हणायचो, आई, तांदूळ दुकानात मिळतो."

आत्यांचा मुलगा स्वयंपाकघरातली कात्री घेऊन एका पिंपावर वाकला होता. "कुठून कापायचं, माहितीये तुम्हाला?"

मलाही माहीत नव्हतं. शेवटी त्याने डाव्या हाताने एक मूठ धरली, आणि कात्री न लावता तसाच धरून राहिला.