झोळीतला मणी

जगात ‘का’ हा शब्द नसता, तर आमच्या भावजींना जन्मभर तोंड उघडायचं कारणच पडलं नसतं. बाळांनो, भावजी म्हणजे तुमच्या आजोबांचे आतेभाऊ. इथे तंजावूरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. कॉलेजात फिजिक्स शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचे प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. लग्नाच्या पंगतीत सगळे पायसम ओरपत असताना हे केळीच्या पानावर वाकून बघत बसणार, की रसम नेमकं आपल्याच मांडीकडे का वाहतं. देवळात गेले, तर देव राहिला बाजूला, घंटेचा नाद विरेपर्यंत कान लावून उभे. मागची रांग तमिळमध्ये त्यांचा उद्धार करते आणि हे वळून म्हणतात, “श्श! अजून वाजतेय.” एकदा माझा कुकर शिट्टी देईना म्हणून त्यांना बोलावलं, तर ती आजवर का वाजत होती हे सविस्तर समजावून ते निघून गेले. त्या दिवशी आम्ही हॉटेलातून इडल्या आणल्या.

अशा माणसाला कुत्राही विचार करायला लावणाराच मिळाला. मणी मूळचा बाजारातला. एका व्हॅनखाली त्याचा मागचा डावा पाय गेला, तेव्हा भावजी त्याला घरी घेऊन आले. दयेनं म्हणाल तर जाऊबाई हसतात. “दया कसली! तीन पायांवर हा पडत कसा नाही, तेच बघायला आणलाय यांनी.” मणी पडला नाही, उलट चांगला धावायला लागला. पण मागचा सगळा भार वाहणाऱ्या त्या एकुलत्या पायाचं लिगामेंट एक दिवस तुटलं, आणि ओरत्तनाडूच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं. घरी पाठवताना त्यांनी भावजींना बजावलं, इकडे सरांना ‘सार’च म्हणतात, “पोटाखाली कापड धरून रोज थोडं चालवा, सार. भार त्यानंच घ्यायचा, तुम्ही फक्त पडू द्यायचं नाही. आणि अंडी द्या.”

जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा परवानगी काढून येतो, तिथे अंडं कुठलं यायला! भावजींनी माळ्यावरून कॉलेजच्या काळातला स्पिरिटचा दिवा आणि काचेचं भांडं काढलं आणि परसात नारळाखाली प्रयोग मांडला. ज्यांनी आयुष्यभर पोरांना उष्णता शिकवली, त्यांना अंडं कधी शिजतं तेवढं ठाऊक नव्हतं.

“वहिनी,” त्यांनी भिंतीवरून डोकं काढून विचारलं, “आत काय चाललंय ते बाहेरून ओळखायचं कसं?”

“मला काय विचारता, भावजी? माझा सगळा जन्म दहीभातावर गेला.”

पहिलं अंडं फुटलं, दुसरं कच्चं निघालं. मणीनं दोन्ही खाल्ली आणि भांडंही चाटलं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आपल्याकडे घराच्या मधल्या खोलीत ऊंजल असतो, म्हणजे साखळ्यांवरचा लाकडी झोपाळा. घरात बाळ जन्मलं की त्याच साखळ्यांना जुन्या लुगड्याची झोळी बांधतात. तुमची आई अशाच झोळीत वाढली. कापड धरून वाकताना भावजींची कंबर धरली, तेव्हा त्यांनी फळी काढली, जाऊबाईंचं मऊ सुती लुगडं साखळ्यांना बांधलं आणि मणीला त्यात असा टांगला की पाय जमिनीला जेमतेम लागावेत. कल्पना चांगलीच होती. पण ऊंजलजवळून जाताना त्याला झोका न देणारा माणूस आमच्या घराण्यात जन्मलेला नाही. जाऊबाई जाता-येता झोका देत, मी ताक न्यायला गेले की मीही देई. मणी डोळे मिटून, कान लोंबते सोडून, एखाद्या जमीनदारासारखा डुलत असे. आम्हाला वाटलं, सुधारतोय.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या आणि त्या झोळीकडे बघतच राहिल्या. त्यांनी पाय चाचपला. मांडी वाळून काठीसारखी झाली होती. “सार, हे बाळ आहे का? यानं पायावर भारच घेतलेला नाही. आता लवकर उभा राहिला नाही, तर हाही पाय जाईल. मग मागे काहीच उरणार नाही.”

त्या गेल्यावर भावजींनी स्वतःच्या हातानं झोळी सोडली आणि मणीला जमिनीवर ठेवलं. तो बसला. उचलला की पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले, तर भावजी स्वतःच हातापायांवर रांगत होते, एक पाय मागे उचलून. धोतर सावरायला हात रिकामा नव्हता. फुलं द्यायला आलेली बाई दारातच थबकली होती. “अय्यो! सारना काय झालं?”

“झालं काही नाही,” जाऊबाई म्हणाल्या, “कुत्रा बरा होईना, म्हणून हे कुत्रा झालेत.”

“बघा, वहिनी,” भावजी खालूनच म्हणाले, “एकच पाय असला की तो मधोमध यावा लागतो, नाहीतर तोल जातो. आणि मधोमध आणला की या गुळगुळीत फरशीवर सटकतो. याला दुखत नाहीये. याला भीती वाटतेय.”

दुपारपर्यंत घरातल्या सगळ्या कोरैच्या चटया, आपल्याकडे त्या लव्हाळ्यासारख्या गवताच्या विणतात ना, त्या जमिनीवर आल्या. माझ्याही नेल्या. भावजी पलीकडच्या टोकाला मांडी घालून बसले. हाक नाही, झोका नाही. मणीनं खरखरीत चटईवर नखं रोवून बघितली. मागचा भाग उचलला, थरथरला, बसला. पुन्हा उचलला. या वेळी पाय बरोबर मधोमध आला. तो भावजींपर्यंत पोचला तेव्हा जाऊबाई डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, “माझ्या चटया फाडल्या मेल्यानं!”

आता मांडी भरली आहे. मागच्या महिन्यात एकदा फाटक उघडं राहिलं आणि मणी बाहेर पडला, थेट बाजाराच्या रस्त्याला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी ओरडले, “भावजी, हाक मारा!”

ते फाटकाशी उभे होते. चालताना पाय कसा पडतोय, ते तो वळणाआड जाईपर्यंत बघत होते. “कशाला, वहिनी? जाता यावं म्हणूनच ना केलं सगळं?”

मणी संध्याकाळी येतो, कधी येत नाही. गाई आत शिरून जाऊबाईंचा कढीलिंब खातात, त्या ओरडतात, तरी भावजी फाटकाला कडी लावत नाहीत. हल्ली मीही आमच्या फाटकाला लावत नाही.