वेदीवरचा लाल रंग

१४ जून २०२३, बुधवार. सकाळी ढग. दुपारी दीड ते दोन पाऊस. खड्ड्यात दगडी वेदी सापडली, गुडघ्याएवढी उंच. आमची पूर्वी फार खूश. डब्यात बटाट्याची भाजी, चपात्या.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. शुक्रवारी नंदाने ती नोंद मला चार वेळा वाचायला लावली.

"दगड आधीच लाल होता का? नीट बघा ना, ताई."

"लिहिलेलं नाही गं."

"चपात्या लिहिता आणि रंग नाही लिहीत!"

नंदा माझी लंडनमधल्या पिनरची शेजारीण. एकतीस वर्षं हॅरोच्या एका प्रायमरी स्कूलच्या किचनमध्ये होती. मुलं ताटात काय टाकतात ते पाहून कोण आजारी पडणार, हे ती आदल्या दिवशीच सांगायची. माझी नात पूर्वी पुरातत्त्वाचं काम करते. इथे इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन भिंतीजवळच्या खोदकामाला तिला स्वयंसेवक हवे होते, म्हणून आम्ही दोघी दहा दिवसांसाठी एक कॉटेज घेऊन आलो. काम एकच, तंबूत बसून टूथब्रशने खापरं धुवायची. नंदाचा ट्रे सगळ्यांच्या आधी संपायचा.

इथे सैनिकांचं एक छोटं, अंधारं देऊळ होतं. देव मिथ्रास. पूर्वी म्हणाली, त्यात बायकांना प्रवेश नव्हता.

"मग आज आलो की," नंदा म्हणाली.

बुधवारी वेदी वर काढून फळीवर ठेवली आणि सगळे चहाला गेले. नंदाच्या पर्समध्ये कुंकवाची डबी असते. कोणी कधीकाळी पुजलेला दगड दिसला, की तिला तसंच पुढे जाववत नाही. तिने बोट टेकवलं, हात जोडले. मी शेजारी थर्मास उघडत होते. तिचा हात मी पाहिला, दगड पाहिला नाही. मग पाऊस आला आणि ताडपत्री उशिरा पडली.

गुरुवारी पूर्वीला भिंगातून वेदीवर कोरलेल्या अक्षरांच्या खाचांमध्ये लाल कण दिसले. "आजी, रंग! रोमन रंग!" तिने सगळ्यांना कळवलं. नंदाने तेव्हापासून जेवण सोडलं.

आता मला कधी वाटतं, दगडावर आधीपासून लालसर काही होतं. पण हे मला आठवतंय, की पूर्वी म्हणाली म्हणून वाटतंय? कॉन्व्हेंटमध्ये खोटं न बोलण्याचे धडे गिरवूनही मी नंदाला म्हटलं, "गप्प राहा."

ती राहिली नाही. शुक्रवारी दुपारी तिने तंबूत पूर्वीला गाठलं आणि सगळं सांगितलं.

"कुठे लावलं कुंकू, मावशी?"

"वरती, मधोमध."

"अक्षरं तर खाली आहेत."

"पाऊस आला ना गं. पाणी खालीच जाणार."

पूर्वी खाली बसली. "मी सगळ्यांना ईमेल केला आहे," ती म्हणाली. मला वाटलं, आता ही रडेल. पण तिने छोटी पिशवी काढली, नंदाच्या डबीतलं चिमूटभर कुंकू त्यात घेतलं, वर नाव आणि तारीख लिहिली. रजिस्टरमध्येही नोंद केली.

"म्हणजे तो रंग माझाच?"

"आय डोन्ट नो, मावशी. तुमचा असेल, त्यांचा असेल, दोन्ही असेल. लॅब सांगेल. कदाचित लॅबला पण नाही कळणार."

"मग मी उद्या घरी जाऊ?"

"का? उद्या तीन ट्रे खापरं आहेत. फक्त डबी कॉटेजवर ठेवा, प्लीज."

नंदाने माझ्याकडे पाहिलं. पूर्वी रागावली की तिने माफ केलं, ते आम्हा दोघींनाही नीट कळलं नव्हतं. परतताना गाडीत तिने एकदाच विचारलं, "ताई, पण तुम्हाला खरंच काही आठवत नाही?" मला आठवत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

संध्याकाळी लिहिलं: मुगाची खिचडी केली. नंदाने दोनदा घेतली. तूप संपलं.