बिब्याचा वण

हुकूम आला तेव्हा मावशी दवाखान्यामागं चादरी वाळत घालून राहिली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं आणि कागद वाचून दाखवला. राज्याच्या सीमेपलीकडं देवीची साथ होती. म्हणून दवाखान्यातल्या प्रत्येकानं देवीचा टिका नव्यानं घ्यायचा, महिनाभरानं जिल्ह्याहून साहेब येऊन सगळ्यांचे दंड पाहणार, आणि ज्याच्या दंडावर ताजा वण नसेल त्यानं दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही.

"मंग मी आजच जातो घरी," मावशी म्हणाली आणि ओल्या हातांनीच बाहेर निघून गेली.

डॉक्टरांना वाटलं, गंमत करते. मला माहीत होतं, ती गंमत नव्हती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचे ते दिवस. आमचा सरकारी दवाखाना सानगडीच्या अलीकडच्या एका गावात, तलावाला लागून. मी तिथं नर्स, मूळची आंधळगावकडची, तोंडानं फटकळ. मावशी म्हणजे आमची आयाबाई. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी, विधवा, जावेच्या घरी राहायची. चारचौघांत मला "बाई, तुमी" म्हणायची आणि दोघीच असलो की "पोरी, तू." "तुहं तोंड म्हंजे तिखटाचा डबा हाय, पोरी," असं म्हणून माझ्यावर हसायची. पण बाळंतपण अडलं की तिखटाच्या डब्याचं तोंड बंद व्हायचं आणि मावशीचे हात बोलायचे. पायाळू मूल कसं फिरवायचं हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले नाही, तिच्याकडून शिकले. खरं सांगते, तिच्याशिवाय मी त्या गावात एक महिना टिकले नसते.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती अंगणात बसून जावेच्या लहान पोरीची वेणी घालत होती. मी म्हटलं, "मावशी, नोकरी सोडून काय करशील? धानाच्या रोवण्याला जाशील? या वयात दिवसभर चिखलात वाकशील?"

"जाईन. आधी जातच होतो ना."

मग पोरीला आत पिटाळून तिनं मला सांगितलं. तिला स्वतःची एक मुलगी होती. पाच वर्षांची. टिकेवाला आला तेव्हा गावातल्या बायांनी आपापली पोरं धानाच्या कोठीमागं लपवली. मावशीनं लपवली नाही, उलट पोरगी रडते म्हणून तिचा हात घट्ट धरून ठेवला. तेव्हा गोल फिरवायची चक्री असायची, कातडी पार सोलून निघायची. हात सुजला, पू झाला, ताप चढला. आठवड्यात पोरगी गेली.

"हात म्याच धरला होता," मावशी म्हणाली. "ते चक्री दिसली का मले भेव लागते वो."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आता म्हणते सुई बदलली. खरं हाय काय?"

"बदलली," मी म्हटलं. एवढंच. ना सुई दाखवली, ना ती कशी उकळून घेतो ते सांगितलं, ना तिच्याजवळ बसले. मला घरी तान्ही मुलगी होती, चूल पेटवायची होती, आणि सरकारी हुकमावर कसला वाद घालायचा, असं वाटत होतं. वाटेत मात्र डोक्यात एकच चक्र सुरू झालं: मावशी गेली तर माझं कसं होणार? माझं! बघा, तेव्हासुद्धा मी माझाच विचार करत होते.

तीन दिवस ती कामावर आली, पण घरी जायची तयारी करून. कपाटाच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. कोणती बाई कितव्या महिन्याची, कोणाच्या घरी सासू पाणी गरम करू देत नाही, हे सारं मला तोंडपाठ करायला लावलं. जाते असंही म्हणेना, राहते असंही म्हणेना. मधूनच दंडावरून हात फिरवायची आणि चादरी धुवायला जायची.

चौथ्या दिवशी मी बिबा घेऊन गेले.

आमच्याकडं बिबा कोणाला सांगावा लागत नाही. नागझिऱ्याच्या बाजूला जंगलात बिब्याची झाडं आहेत. टाचेला भेग पडली की बिबा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारं तेल भेगेत भरायचं. हेच तेल कोवळ्या कातडीवर लागलं की फोड येतो, खपली धरते आणि गोल वण राहतो. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या दंडावर मी तो पाहिला होता. टिक्याची भीती असलेल्या घरांत हा उपाय चालायचा.

"अगं माय," मावशी म्हणाली, "हे चालते?"

"मी लावते. रजिस्टरात मीच लिहिणार आहे. साहेब काय, दंड पाहील आणि पुढं जाईल."

ती घाबरत होती म्हणून आधी मी स्वतःच्या डाव्या दंडावर, माझ्या खऱ्या टिक्याच्या खाली दोन बोटांवर, एक थेंब लावून दाखवला. मग तिला लावला. रजिस्टरात तिच्या नावापुढं लिहिलं, "टिका दिला," आणि खाली सही केली. किल्ल्या तिच्या कमरेला परत खोचल्या. आम्ही दोघी हसलो. फार हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

तिला बिबा जरा उतला. फोड मोठा आला, दंड लाल झाला. साहेब आले तेव्हा तिचाच वण सगळ्यात ठसठशीत दिसत होता. साहेब डॉक्टरांना म्हणाले, "असा टिका लागला पाहिजे." मावशीनं पदर तोंडात कोंबून हसू दाबलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी एक माणूस सीमेपलीकडच्या वीटभट्टीवरून तापानं फणफणत गावात परतला. चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर दाणे आले. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. देवीच होती.

त्याला तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झोपडीत वेगळा ठेवायचं ठरलं. जवळ राहायला कोणीतरी पाहिजे. डॉक्टर म्हणाले, "नर्सबाई, तुम्ही गाव टोचायला लागा. घर न् घर. आणि मावशी, तुम्ही त्याच्याजवळ राहा. तुमचा टिका सगळ्यात चांगला लागलाय, तुम्हाला काही होणार नाही."

मावशीनं माझ्याकडं पाहिलं.

मी आज सत्तरीच्या पुढं आहे. नवरा गेला, तोंडचे दात गेले, पण ते पाहणं गेलं नाही. रागावून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं फक्त पाहिलं, की ही आता बोलते काय. एवढंच म्हणायचं होतं, "डॉक्टर, हिनं टिका घेतला नाही, मी खोटं लिहिलंय." माझी नोकरी गेली असती. गेली असती तर गेली असती! पण मी खाली, माझ्या चपलांकडं पाहत राहिले. मावशीला कळलं. तिनं तोंड उघडलं असतं तरी नोकरी माझीच जाणार होती. "जातो मी," ती म्हणाली आणि घोंगडी घ्यायला घरी गेली.

नर्स म्हणून मला एक गोष्ट पक्की माहीत होती. देवीच्या रोग्याजवळ गेल्यावरही पहिल्या तीन-चार दिवसांत टिका घेतला तर माणूस बहुतेक वाचतो. म्हणजे अजून वेळ होता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या जाते, आज शंभर दंड टोचायचे आहेत. दुसऱ्या दिवशी पाळीकडं निघाले तर डॉक्टरांची सायकल तिथं उभी दिसली, वळून परत आले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता तिकडं गेले तर कोणीतरी विचारेल, टिका घेतलेल्या बाईला पुन्हा टिका कायले? चौथ्या दिवशी काय म्हटलं ते आठवत नाही. कामाचं निमित्त होतं, खरं कारण भीती. दुसरं काही नाही.

पाचव्या दिवशी गेले. मावशी झोपडीबाहेर भांडी घासत होती. मी सुई काढली. लहानशी, दोन टोकांची, काडीएवढी. म्हटलं, "मावशी, माझं ऐक, टिका घे."

तिनं सुई हातात धरून उलटीपालटी करून पाहिली. "हेच काय ते नवीन सुई? एवढीशीच?" आणि पदराला हात पुसून दंड पुढं केला. "टोच ना."

मला वाटलं होतं, तास दीड तास समजवावं लागेल. मी चिडूनच विचारलं, "मग तेव्हा काहून नाही म्हणत होतीस?"

"तुले कवा नाही म्हटलं वो म्या? साहेबाचा कागद आला, त्याले नाही म्हटलं. तू कुठी पुसलं मले? मी तं वाट पाहून राहिलो होतो का पोरगी येईल, सुई दाखवील, समजावून सांगील. तू तं बिबाच घेऊन आली."

मी टोचलं. भराभर टोचे देत होते. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं, बाळंतपणात धरायची तसं, आणि म्हणाली, "हळू कर. घाई नाही."

घाईच तर होती. आणि ती मी पहिल्या दिवशी करायची होती.

आठवड्यानं मावशीला ताप आला. वीटभट्टीवाला खड्डे पडलेल्या तोंडानं उठून घरी गेला आणि त्याच झोपडीत मावशी गेली. शेवटचे तीन दिवस मी तिच्याजवळ होते. तिला बोलता येत नव्हतं.

मी डॉक्टरांना सारं सांगितलं आणि राजीनामा पुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "त्या रजिस्टरावर माझीपण सही आहे. हे मला सांगितलंत, आता कुठं बोलू नका. आणि तुम्ही गेलात तर इथं दुसरी नर्स दोन वर्षं येणार नाही." राजीनामा त्यांनी खणात टाकला. मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

रजिस्टर तसंच राहिलं. रजिस्टराप्रमाणं आमची आयाबाई टिका घेऊन देवीनं मेली. गावानंही तेच धरलं. देवी पुढं देशातूनच गेली, पण ती गोष्ट गेली नाही. ऐंशीनंतर माझी बदली साकोलीला झाली. गोवराची लस आली तेव्हा बर्फाचा डबा घेऊन मी गावोगाव हिंडायची. एका अनोळखी गावात एक म्हातारी मला म्हणाली, "टिक्याचं काई खरं नाही बाई, तिकडं सानगडीच्या बाजूले एक आयाबाई टिका घेऊन मेली म्हणते." मी डबा उचलला आणि पुढच्या घरी गेले. असं तीन-चार ठिकाणी झालं. मावशीचं नाव माझ्याच पापाला चिकटून गावोगाव फिरत होतं.

मग त्या जुन्या गावची फेरी माझ्याकडं आली. मावशीच्या घरी तिची जाऊ होती, केस पिकलेली. जिची वेणी मावशी घालायची ती पोरगी माहेरपणाला आली होती आणि नऊ महिन्यांची नात जावेच्या मांडीवर होती. डबा पाहूनच जाऊ म्हणाली, "आमच्या घरी नाही बाई. आमची एक गेली टिक्यानं."

मी ओट्यावर बसले आणि सांगितलं. बिबा, रजिस्टर, ते चार दिवस, पाचवा दिवस. बाही वर करून दंड दाखवला. "हा टिक्याचा, हा बिब्याचा. तिच्या दंडावर हाच होता."

जावेनं दोन्ही वणांवरून बोट फिरवलं. पंधरा वर्षांत दोन्ही सारखेच पांढरे पडले होते. "मले तं काई फरक दिसत नाही," ती म्हणाली. मग नातीला मांडीवर सारखं करत तिनं विचारलं, "तिले नीट समजावून सांगतलं असतं, तं घेतला असता काय तिनं?"

"हो," मी म्हटलं.

तिनं नातीला उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी वाजली.

अशा घरापुढं आम्ही यादीत "घर बंद" लिहायचो. मी "नकार" लिहिलं. पुढं कारणाचा रकाना होता. त्यात मी माझं स्वतःचं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात, आणि यादी साकोलीच्या ऑफिसात जमा केली. कोणीतरी बोलावून घेईल म्हणून महिनाभर वाट पाहिली. मला कोणी काही विचारलं नाही.