वीस पानांची खानावळ

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी आटपाडीत, गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या उपाहारगृहात टोकन घेऊन उभा होतो. सत्तेचाळीस नंबर. पलीकडून त्यांचा पुतण्या बोलत होता, "सकाळी गेले... सांगलीतच." टोकन काउंटरवर ठेवून मी बाहेर आलो. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या दारातून बापू कधीच आत गेले नव्हते. त्यांची बातमी मला नेमकी तिथंच कळावी, हे अजून बोचतं.

मी जमीन मोजणीच्या कार्यालयात आहे. घर सांगलीला, नोकरी आटपाडीत, त्यामुळे नऊ वर्षं दुपारचं जेवण स्टँडमागच्या गल्लीत आक्कांच्या खानावळीत. बापू एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. बायको गेलेली, मूलबाळ नाही. निवृत्तीनंतरही ते सकाळी नऊला चौकशीच्या खिडकीखालच्या बाकावर येऊन बसत. दहाच्या सुमारास आम्ही नोकरदार त्यांना "आज आहे" किंवा "आज नाही" सांगून पुढं जायचो. मग बापू गल्लीच्या तोंडाशी जाऊन, माइकची सवय असलेल्या आवाजात, "आक्का, वीस!" म्हणून ओरडायचे. त्या आकड्यावर आक्का आमटी टाकायच्या. वीस पानांच्या खाली चूल पेटवायची नाही, हा त्यांचा नेम. "चार टाळकी जेवायला बसली की खानावळ न्हाई वाटत, सुतकाचं घर वाटतंय," असं म्हणायच्या.

काचेचं उपाहारगृह झालं आणि आमच्यातले एकेक तिकडं वळले. तिथं गारवा होता, गाडी लावायला जागा होती, आणि सांगलीत मिळायचं तेच अन्न त्याच चवीचं मिळायचं. मला आकडे मनात धरायची सवय आहे. एका सकाळी बाकाशेजारी उभा राहून मी मोजलं, तर "आज आहे" म्हणणारे चौदाच भरले. तरी बापू "वीस" ओरडून आले.

"बापू, चौदाच झाले की. वीस कुठून?"

"गाड्या यायच्यात अजून, सायेब."

दुपारी पाहिलं, तर म्हसवडची गाडी लागल्याबरोबर बापू दारापाशी. "आवं पाव्हणं, तिकडं कुटं निगाला? तितं चित्र बगून जेवायचं आसतंय. मागच्या गल्लीत जावा, आक्का ताटात बगून वाढत्यात." कंडक्टर हसून म्हणाला, "बापू, रिटायर झालासा, तरी आक्काच्या गाडीला पाशिंजर भरताय व्हय?" बापू म्हणाले, "तू तुजी घंटी मार." दीड वाजता मी पानं मोजली. वीस होती. पुढंही मोजत राहिलो. कधी वीस, कधी एकवीस... आकडा मोडला नाही. आक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. आपल्या हातची आमटी खायला लोक आपसूक येतात, असंच त्यांना वाटत होतं.

यंदा बापूंच्या छातीत पाणी झालं आणि पुतण्यानं त्यांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. जाताना मला म्हणाले, "रोज वीस सांगा. आनि म्हसवडच्या गाडीला तेवढं हुबं ऱ्हावा." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता तेराजण "आज आहे" म्हणाले. गाडीच्या दारात उभं राहून अनोळखी माणसांना हाक मारणं मला जमणार नव्हतं, आणि नसलेला आकडा सांगणंही जमेना. मी गल्लीत गेलो आणि तेरा सांगितलं.

"तेरा? बापू तर रोज वीस सांगायचा की."

मग मी सगळं नीट समजावून सांगितलं. सकाळी "आज आहे" सांगायचे किती, गाडीवरून यायचे किती. वाटलं, खरं कळलं की आक्का तेवढंच रांधतील, वाया जाणार नाही. त्यांच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "म्हंजी त्यो माणसं गोळा करून आनत हुता... मला वाटायचं, माज्या हाताला चव हाय."

"चव आहेच, आक्का."

"आसू द्या."

चौथ्या दिवशी गल्लीतल्या दाराला कुलूप दिसलं. आक्का मिरजेला लेकीकडं निघून गेल्या होत्या.

शनिवारी दवाखान्यात गेलो. बापूंनी नाकातली नळी बाजूला करून पहिलाच प्रश्न विचारला, "आज किती?"

मी सांगितलं, खानावळ बंद झाली.

"तुमी किती सांगितलासा?"

"तेरा."

"बरोबर हाय," बापू म्हणाले. "मोजणी बरोबरच आसती तुमची." मग भिंतीकडं तोंड केलं. तेच शेवटचं बोलणं. त्यानंतर दोन शनिवार गेलो, दोन्ही वेळा ते झोपेतच होते.

आता गावात दुपारचं जेवायला ते काचेचं घर तेवढं उरलं आहे. मिरजेला आक्कांना दोनदा फोन केला. लेकीनं उचलला, आई बोलत नाही म्हणाली. सकाळी कार्यालयात जाताना चौकशीच्या खिडकीखालचा बाक लागतो. बापूंच्या बसण्यानं त्याच्या एका कडेचा रंग पार उडून खालचं लोखंड दिसतं. परवा दुपारी मी तिथं टेकलो. म्हसवडची गाडी लागली. एक बाई मुलाचा हात धरून खाली उतरल्या आणि, त्या बाकावर बसलेल्याला विचारायचंच असतं अशा थाटात, मला म्हणाल्या, "आवं, हितं जेवायला कुटं मिळंल?"

मी हात वर केला आणि मोठ्या रस्त्याकडं दाखवलं.