पोचल्याचा फोन

रॉकेट म्हणजे काय, हे आमच्या पोरीनं तिच्या आईला चुलीपुढं बसून एका वाक्यात समजावलं होतं. "आई, आपलं वडाप असतंय नव्हं? तसलंच."

बायको भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. वडाप म्हणजे रहिमतपूरच्या स्टँडबाहेर उभी राहणारी आणि माणसं कोंबून भरल्याशिवाय न सुटणारी जीप, आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. पोरगी सांगत होती की सांगलीच्या तिच्या कॉलेजात पोरापोरींनी मिळून एक छोटा उपग्रह करायला घेतलाय. त्याच्या एकट्यासाठी रॉकेट कोण सोडणार? म्हणून देशोदेशीच्या असल्याच कितीतरी उपग्रहांबरोबर तो एका परदेशी रॉकेटातून दाटीवाटीनं जाणार, आणि वर गेल्यावर एकेकाला उतरवत नेणार.

"आन् उतरल्यावर गं?" बायकोनं विचारलं.

"उतरल्यावर त्यो पोचल्याचा निरोप देणार."

बायकोचं समाधान झालं. पोचल्याचा निरोप देणारी वस्तू म्हणजे तिच्या लेखी वळणाची वस्तू.

त्याला कारण होतं. बायकोचं माहेर जतकडचं, कानडी मुलखाच्या कडेचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. घरातली माणसं मेंढरं घेऊन लांब निघाली की पोचल्याचा निरोप येईपर्यंत मागं केरसुणी धरायची नाही, ही तिच्या आईची रीत. आमच्याकडंही माणूस निघाल्या निघाल्या झाडत नाहीत. पण आम्ही घटकाभर थांबतो आणि विसरून जातो. बायको विसरायची नाही. मी फौजेत होतो तेव्हा सुट्टी संपवून निघालो की माझा फोन येईपर्यंत घरात केर तसाच, आणि माझी आई दिवसभर करवादायची.

उपग्रह होता चटणीच्या डब्याएवढा. त्याची अँटेना स्टीलच्या मेजर टेपची करतात, हे मला कळलं ते माझाच टेप कापलेला पाहून. टेप दुमडून बांधून ठेवायचा, वर गेल्यावर बांधलेली दोरी जळते आणि टेप आपोआप सरळ होतो. मी घर डोक्यावर घेतलं. पाईपलाईनच्या कामाला तो टेप मला रोज लागायचा, आणि हिनं सुरुवातीचाच तुकडा उडवलेला. "बाजारात टेप मिळत न्हाईत व्हय गं?" म्हणालो. तर म्हणते, "पप्पा, मिळत्यात की. पर तुमचा लय जुना हाय, तसलं पोलाद आता येत न्हाई." मला खूश कसं करायचं हे तिला बरोबर ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट तिनं माझ्यासाठी म्हणून केली. मी फौजेत वायरलेसवर होतो. टिंबं आणि रेघांची ती भाषा मला अजून कानानं कळते. त्यांचा डबा वरून त्याच भाषेत बोलेल असं तिनं सगळ्यांकडून ठरवून घेतलं. "पहिला निरोप तुमी वाचायचा, पप्पा."

पुढच्या संक्रांतीला ती दोन दिवस घरी आली. परत निघाली त्या दुपारी आमच्याकडं हळदीकुंकू होतं. एसटी चुकली म्हणून ती वडापनं गेली. बायका यायची वेळ झालेली, अंगणात उसाच्या पाचटाची राख उडून आलेली. बायकोनं जरा वेळ वाट पाहिली आणि केरसुणी घेतली. सांगलीच्या अलीकडं, अंधार पडल्यावर, ती जीप उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. फोन आला तेव्हा बायका वाण घेऊन नुकत्याच उठल्या होत्या.

याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. माझाही ऊस असल्याच ट्रॉलीतून जातो, एवढंच लिहितो.

बायको कुणाला काही बोलली नाही. फक्त एकदा, पोरीचे दिवस घालून झाल्यावर, ती मला म्हणाली, "म्या झाडलं हो." मी तिला समजावलं, रागावलो, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. दिवा नसलेली ट्रॉली, भरधाव जीप, यातलं काहीच तिला दिसत नव्हतं. तिच्या हातातली केरसुणी तेवढी दिसत होती.

डबा मात्र पोरांनी पुरा केला. पोरीची खोलीतली मैत्रीण, तिच्याच वर्गातली, हिनं ते काम अंगावर घेतलं. डबा परदेशी पाठवायचा त्या दिवशी ती वाट वाकडी करून आमच्या दारात आली. डबा पेटीत बंद होता, त्याला हात लावायचा नव्हता. बायकोनं मग तिच्याच तळहातावर दही घातलं आणि म्हणाली, "तुज्या हातानं चाललाय, तर तूच खा."

रॉकेट काही लवकर सुटेना. कधी हवा वाईट, कधी बरोबरच्या कुणाचा तरी उपग्रह तयार नाही. "वडाप भरल्याबिगर सुटतंय व्हय," बायको म्हणायची. ते शब्द पोरीचे होते, म्हणून ती ते परत परत म्हणायची.

शेवटी दिवस ठरला. बायकोनं सकाळी घर लख्ख झाडलं आणि केरसुणी दारामागं उभी केली. दुपारी आम्ही मोबाईलवर रॉकेट उडताना पाहिलं. घरात शेजारपाजारी दाटले होते. नंतर वरच्या कॅमेऱ्यात एकेक उपग्रह सुटताना दिसायला लागला, पेरणीत मुठीतून दाणे सुटावेत तसे. आमचा कुठला ते कळलं नाही. बायकोच्या जावेनं विचारलं, "पोचलं का?" आणि कुणीतरी "पोचलं, पोचलं" म्हणालं. टाळ्या झाल्या, पेढे फिरले. जावेच्या हातून खाली सांडलेला पेढ्याचा चुरा झाडायला तिनं दारामागची केरसुणी घेतली, तर बायको किंचाळली. इतक्या मोठ्यानं की सगळे गप्प झाले. "निरोप न्हाई आला अजून!" म्हणाली, आणि केरसुणी हिसकावून परत दारामागं ठेवली.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, गावच्या लेकीचं अभिनंदन. फोटोत पोरगी हसत होती. फोटोला हार घातला नव्हता, एवढं बरं केलं.

निरोप आला नाही. मैत्रीण रोज संध्याकाळी फोन करायची, "काका, आजपण नाही." त्यांनी ऐकलेल्या आवाजाच्या फायली मला पाठवायची. मी कानाला लावून बसायचो. नुसती खरखर. एकदा टिंबं-रेघा स्पष्ट ऐकू आल्या, मी पेन्सिल उचलली. अक्षरं जुळवली तर तो दुसऱ्याच कुठल्या देशाचा उपग्रह निघाला. कुणाचं तरी पोर खुशाली कळवत होतं. मला त्या डब्याचा, त्या देशाचा, सगळ्यांचा हेवा वाटला.

घरात केर साठत गेला. उसाचा हंगाम सुरू झाला, रानात पाचटं पेटली, राख उडून ओसरीवर काळा थर बसला. बायको स्वयंपाक करायची, भांडी घासायची, गुरांचं बघायची, फक्त झाडायची नाही. पाहुणे आले की उंबऱ्यातच घुटमळायचे. मला ते पाहवेना. एका दुपारी मी भडकलो. म्हणालो, "अगं, ते पत्र्याचं डबडं हाय. आपली पोरगी न्हवं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पोरीच्या वक्ताला दम धरला न्हाई. आता डबड्याला तरी धरू द्या."



मग मैत्रीण स्वतःच आली. तिला बंगळुरूला नोकरी लागली होती, पण निरोप घ्यायला ती आली नव्हती. ओसरीवरच्या केरात तशीच बसली आणि म्हणाली, "काकू, आम्ही ऐकणं बंद करतोय. सर म्हणाले, आता नाही येणार." बहुतेक दोरी जळली नाही, टेप उलगडला नाही. डबा वर आहे, फिरतोय, पण मुका. दोनचार वर्षांनी खाली येता येता जळून जाईल.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी आता आपल्यावरनं जात आसंल?"

"रोज जातो, काकू."

बायकोनं वर आढ्याकडं पाहिलं. मग उठून मैत्रिणीला जेवायला वाढलं. ऊन कलल्यावर ती सांगलीला निघाली. मी स्टँडवर सोडायला निघालो तर बायको म्हणाली, "एसटीतच बसवा. वडाप नगं." मैत्रिणीच्या तळहातावर दही घातलं. तिच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. "पोचलीस की फोन कर."

मी एसटी हलेपर्यंत थांबलो. घरी आलो तर बायको मोबाईल पुढ्यात घेऊन उंबऱ्याच्या आत बसलेली. दिवेलागण झाली तरी दिवा लावला नव्हता. मी लावला. तिच्या शेजारी बसलो. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, प्रत्येक आवाजाला ती माझ्याकडं बघायची.

फोन वाजला.

"काकू, पोचले. खोलीवर आहे."

"पोचलीस नव्हं?"

"हो काकू."

"परत एकदा सांग, बाळ."

"पोचले मी, काकू. सांगलीला पोचले."

बायकोनं फोन माझ्या हातात दिला. दारामागची केरसुणी काढली आणि माजघरापासून झाडायला सुरुवात केली. कोपरान् कोपरा झाडत ती उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथं मटकन खाली बसली. पोरगी गेल्यापासून जे रडली नव्हती, ते रडली. मोठ्यानं, कानडी-मराठी एक करून, पोरीला नावानं हाका मारत. मी तिला रडू दिलं.

मग तिच्या हातातली केरसुणी घेतली आणि उंबऱ्यापासून पुढं अंगणापर्यंत मी झाडलं.